देवमनची गाडी आइल खाते

अमरावती,
ता. २ ऑगस्ट १९५६

शेषराव मिस्त्रीले, मुक्काम जठारपेठ, अकोला.
भाटव्याचा जयभीम.

तुही बहीण जाई खुशाल हाये. पोरगं चार महिन्यांचं झालं, मांडीवर घेतलं का लाता मारते. घरात सगये बरे हाओत. एक गाडीच तेवढी बरी नाई, म्हनून हे पत्र.

लेका, तू माह्या गाडीले काय करून ठेवलं? इंजिन खोललं, बोअर केलं, नवे पिस्टन टाकले, नव्या रिंगा टाकल्या, आन् मले म्हनला का "भाऊजी, आता दहा वर्सं बोनेट उचलू नका." मी छाती काढून गाडी अमरावतीले आनली. दुसऱ्या दिवशी सकायी आइलची काडी काढून पाह्यली, तं आइल खालच्या खुणेच्याबी खाली. म्हनलं, नवं इंजिन हाये, प्यालं असन जरासं. वरच्या खुणेपर्यंत भरलं. बडनेरा टेशनवर भाजीच्या दोन खेपा केल्या आन् पाह्यतो तं पुन्हा खाली! तवापासून हाच धंदा चालू हाये. सकायी मी भरतो, दिवसभर थे खाते.

आन् धूर! निळा, दाट, डोयाले झोंबनारा. वामनराव माळी त्याच्या हिरव्या सांबार-पालकाच्या जुड्या माह्या गाडीत पाठवते. थो म्हनते, "देवमन, तुह्या गाडीतून उतरलेला सांबार बजारात कोनी हुंगतबी नाई." जुन्या रिंगा होत्या तवाबी गाडी इतली खात नव्हती. दुरुस्तीच्या आधी बिमार होती, आता दुरुस्तीनं बिमार हाये.

माही चूक काढाच्या आधी एक याद ठेव. म्या बर्मात लढाईत लष्कराची गाडी चालवली. तठी शिकवलं होतं, दिवस उगवला का पयले काडी पाह्य, खुणेपर्यंत भर, मंग चाय पे. थो नेम म्या आजबी मोडला नाई.

कारन कयव.

तुहा भाटवा,
देवमन


अकोला,
ता. ७ ऑगस्ट १९५६

भाऊजींस शेषरावचा जयभीम.

तुमचं पत्र केशरला वाचून दाखवलं. माझीच बायको ती, हसली. मला हसू आलं नाही.

आइल दोनच वाटांनी जाते. एक तर खाली गळते, नाही तर आत जळते. तिसरी वाट चोरीची, पण आमच्या जाईबाईच्या अंगणातून आइल चोरून नेईल असा माणूस अमरावतीत अजून जन्मला नाही. तिची जीभ सगळी वस्ती ओळखून आहे. म्हणून दोनच वाटा धरू.

गाडी उभी करताना तिच्याखाली धुतलेलं पोतं अंथरा. सकाळी पोतं ओलं असेल तर गळती आहे. कोरडं असेल तर धूर केव्हा निघतो ते पाहा. चढावर जोर लावताना निघाला तर रिंगांचा दोष. उतारावर पाय उचलला आणि पुन्हा दाबला की भपकन निघाला तर व्हॉल्वच्या गाईडा ढिल्या. सहाही प्लग काढून पाहा. त्यातला एखादाच ओला निघाला तर दोष त्या एका सिलिंडरच्या नळीचा. इंजिनाला श्वासाची नळी असते, तिच्यात चिखल साचला तर आतली वाफ कोंडते आणि आइलला वर ढकलते. ती घासलेटनं धुऊन काढा.

आणखी एक. नव्या रिंगांना घासून बसायला वेळ लागतो. तुम्ही गाडी नवरीच्या वरातीसारखी चालवता. माल भरून एखाद्या चढावर घाला, दाबा जरा.

राग मानू नका, पण त्याच आठवड्यात मी बोरगावच्या सूर्यभानचं इंजिन केलं. तीही लष्कराच्या लिलावातलीच गाडी, रिंगा त्याच दुकानातल्या, हात हेच. तो काल आला होता. म्हणतो, "मिस्त्री, जादू केली तुमी! तवापासून थेंबभर आइल टाकलं नाई, आन् काडीवर पाहा तं खुणेच्या वरच!" ती काडी काढून तो गावात लोकांना दाखवतो. आता सांगा, एका गाडीला माझे हात चांगले आणि दुसरीला वाईट, असं कसं होईल?

बाळाला मामाचा मुका.

शेषराव


अमरावती,
ता. १९ ऑगस्ट १९५६

शेषरावले जयभीम.

तू सांगतलं थे सगयं केलं. आता आयक.

पोतं कोरडं निंघालं. दोन थेंब होते. आमच्या वस्तीतले पुंजाजी म्हातारे हायेत ना, त्याईचं नाक त्याच्याहून जास्त गयते.

श्वासाची नळी धुतली. थे आधीच साफ होती.

प्लग काढले. सहाच्या सहा सारखेच ओले, सारखेच काये. रांगेत ठेवले तं सहा जुळे भाऊ वाटले.

धूर चढावरबी निंघते आन् उतारावरबी निंघते. सकायी आइल भरल्यावर लय निंघते, सांजेपर्यंत थोडा कमी होते. हे कोन्या रोगाचं लक्षन, थे तू जान.

रिंगा बसाव्या म्हनून गाडी भरून चिखलदऱ्याचा घाट चढवला. लेका, मांगच्या मोटारवाल्यानं भर दुपारी बत्त्या लावल्या! वर पोचल्यावर थो खाली उतरला आन् मले म्हनते, "भाऊ, आत लाकडं जायता का कोयसा?" मी काय सांगू त्याले? माहा साळा अकोल्याचा नामी मिस्त्री हाये म्हनून सांगू?

आन् त्या सूर्यभानचं नाव पुन्हा काढू नको. त्याची गाडी चांगली, त्याची काडी चांगली, त्याची गायबी दोन शेर जास्त दूध देत असन. तुह्याच हातची दोन लेकरं, त्यातलं एक सख्खं आन् माहं सावत्र, असं दिसते.

मले तं वाटते तू रिंगा उलट्या बसवल्या.

देवमन


अकोला,
ता. २५ ऑगस्ट १९५६

भाऊजींस जयभीम.

रिंगा उलट्या? हे जठारपेठेत दुसरं कोणी बोललं असतं तर माझ्या हातात पाना होता.

तुम्ही आइल कोणतं टाकता ते आधी सांगा. बाजारात गाळून धुतलेलं जुनं आइल नव्या डब्यात घालून विकतात, ते टाकलं तर धुराशिवाय दुसरं काय निघणार? वर अमरावतीभर सांगत सुटायचं की मिस्त्री खोटा.

दिवाळीनंतर गाडी घेऊन या. तुमच्यासमोर इंजिन खोलतो. एक जरी रिंग उलटी निघाली तर मी हे काम सोडून केळ्यांचा ठेला लावीन. सगळ्या सुलट्या निघाल्या तर तुम्ही चार माणसांत म्हणायचं की शेषराव खरा.

तोवर गाडीबद्दल लिहू नका.

शेषराव


अमरावती,
ता. २७ सप्टेंबर १९५६

शेषा, तुले तुह्या बाईचा आशीर्वाद. केशरलेबी.

महिना झाला, दोघंबी तोंडाले कुलूप लावून बसले. तुहे भाटवे पत्र लिहनार नाईत, तूबी लिहनार नाई. मंग म्या शेजारच्या चंद्रभानच्या पोरीजवळून शाई मांगून आनली.

तारीख ठरली, थे तुले समजलंच असन. दसऱ्याले नागपूरले दीक्षा. पेपरातलं वाचून दाखवलं तवा वस्तीतले सगयेच एकदम बोलाले लागले. कसं जाचं, कोन कोन जाचं? जवान पोरं म्हनली आमी पायी जातो. पन म्हातारे कसे जातीन, लेकुरवाळ्या बाया कशा जातीन? गावातल्या दोघा-तिघा मोटारवाल्याईले इचारलं. सगये म्हनतात, त्या दिवशी गाडी रिकामी नाई. दसऱ्याले कोनाचीच गाडी रिकामी नाई, असं कधी झालं होतं काय?

तवा तुहे भाटवे उठले आन् म्हनाले, "माही गाडी हाये ना. म्हातारे, बाया आन् लेकरं माह्या गाडीत जातीन."

पुंजाजी कोपऱ्यातून म्हनते, "देवमन, पांढरे कपडे घालून या म्हनतात. तुह्या गाडीत बसलो तं आमी नागपूरले कोयसे होऊन उतरू. मी आपला पायी जातो." सगये हासले. हेबी हासले. पन घरी येऊन जेवले नाईत. म्या इचारलं तं म्हनतात, "जाई, वाटंत गाडी बसली तं मी या लोकाईले काय तोंड दाखवू?"

शेषा, थे तुह्यावर रुसले नाईत. त्याईले भेव वाटून राह्यलं, आन् लष्करात भेव वाटते असं सांगाची रीत नसते.

आता एक गोठ आयक, हासू नको. भादव्यात याईले ताप आला. आठ दिवस गाडी चंद्रभाननं चालवली. थो असा आयशी का सकायी सोताचं तोंड आरशात पाहत नाई, थो काडी काय पाह्यन? त्यानं आइल टाकलंच नाई. पयले दोन-तीन दिवस धूर होता, मंग धूर गेला. मले कसं समजलं? अंगनात लेकराचे लंगोट वाळू घातले का रोज त्याईच्यावर काये ठिपके पडत. त्या आठवड्यात एक ठिपका नाई. मंग हे उठले, काडी पाह्यली, चंद्रभानच्या नावानं बोंब मारली का गाडी उपाशी मारली, आन् खुणेपर्यंत आइल भरलं. दुसऱ्या दिवशी लंगोट पुन्हा काये.

मले इंजिनातलं कायी समजत नाई. पन लेकराचं पोट भरल्यावरबी पाजत राह्यलं तं थे ओकते. ओकलं का मायले वाटते का लेकरू उपाशी हाये, आन् थे अजून पाजते. तसं तं होऊन राह्यलं नसन ना?

तूच त्याईले लिही. मोठा हो जरासा.

तुही बाई,
जाई


अकोला,
ता. ३० सप्टेंबर १९५६

भाऊजींस आणि बाईस जयभीम.

बाई, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग कपाळावर हात मारून घेतला. केशर म्हणते, अजून एकदा मारा.

भाऊजी, सहाही प्लग सारखेच ओले, हे तुम्ही लिहिलं तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. एखादी रिंग मोडेल, एखादी गाईड ढिली होईल, पण सहा नळ्यांत एकदम सारखाच दोष कुठून येईल? सगळीकडे सारखंच आइल चढते, म्हणजे खाली आइलच्या टाकीत, चेंबरमध्येच, ते जास्त झालं आहे. आइल जास्त झालं की क्रँक त्यात बुडून फिरतो, रवीनं ताक घुसळावं तसा. ते उडून नळ्यांच्या भिंतींवर चढते. रिंगा बिचाऱ्या किती खरडतील? जास्तीचं जळून गेलं की धूर थांबतो. चंद्रभानच्या आळसानं नेमकं हेच झालं. आणि तुम्ही लष्करी नेमानं दुसऱ्या दिवशी पुन्हा भरता. सकाळी धूर जास्त आणि संध्याकाळी कमी, त्याचंही कारण हेच.

पण मग काडी खोटं का बोलते, ते मला उमगत नाही. म्हणून एवढं करा. चेंबरचा नट काढून सगळं आइल उतरवा, पार निथळू द्या. मग गॅलनचा नवा, बंद डबा फोडा आणि पूर्ण ओता. त्या इंजिनात एक गॅलनच बसते. दुरुस्तीच्या वेळी मीही डब्यानंच मोजून टाकलं होतं, काडी पाहिली नव्हती. आता काडी काय दाखवते ते बघा. ती काहीही दाखवो, वर एक थेंब टाकायचा नाही. गाडी बडनेऱ्याला फिरवून आणा आणि लगेच कळवा.

आम्हीही नागपूरला येतोय. इथून माणसं आगगाडीनं चालली आहेत, बैलगाड्या निघाल्या आहेत. केशरला आणि मला सूर्यभाननं त्याच्या गाडीत जागा दिली आहे. (नाव काढलं, माफ करा.)

बाई, मोठा होतो. वेळ लागतो.

शेषराव


अमरावती,
ता. ५ ऑक्टोबर १९५६

शेषराव, जयभीम.

हे पत्र तुले मियाच्या आधी तार मियाली असन. तार काहून केली थे आता सांगतो.

काल आइल उतरवलं. रिकामा डबा खाली धरला, थो भरला, आन् वरून बादलीत पडाले लागलं थे पडतच राह्यलं. जाई बाजूले उभी होती. थे बादलीत पाहे, मंग माह्या तोंडाकडं पाहे. बायको अशी पाहाले लागली का मानसानं समजून घ्याव.

मंग नवा डबा ओतला. काडी टाकली, काढली. फक्त टोक ओलं! खालच्या खुणेलेबी आइल लागलं नाई. माहा हात असा शिवशिवला भराले, का जाईनं दुसरा डबा उचलून घरात नेला आन् त्याच्यावर जात्याची तळी ठेवली.

बडनेऱ्याले गेलो. शेषराव, धूर नाई! आरशात मांगचा रस्ता दिसला. दोन महिन्यांनी दिसला. वामनराव माळी गाडीभोवती हुंगत फिरला आन् म्हनला, "देवमन, गाडी बदलली काय?" येताना मी गानं म्हनत आलो.

घरी येऊन काडी हातात धरून बसलो. गॅलनभर आइल हाये, गाडी खुश हाये, मंग हे काहून रडून राह्यली? मंग डोक्यात आलं का हे काडी आखूड हाये. आइलपर्यंत धड पोचतच नाई. म्हंजे हे माही नाईच! बायकोचं तोंड मानूस वयखते, काडीचं तोंड कोन पाहून ठेवते?

मंग माही कुठी हाये?

तवा मले तुहा सूर्यभान आठवला. त्याचं आइल खुणेच्या वर राह्यते. त्यानं थेंबभर टाकलं नाई. शेषराव, जुनं इंजिन थेंबभरबी आइल खात नाई, असं कधी होते काय? थे जादू नाई. त्याच्याजवय माही लांब काडी हाये. तळाले उरलेलं आइलबी तिले लागते, आन् थे सांगते का भरलेलं हाये. माही गाडी अफरून बिमार होती. त्याची गाडी दोन महिन्यांपासून उपाशी हाये, आन् त्याले मालूमच नाई.

त्याच गाडीत तू बसनार, केशर बसनार, आन् बोरगावचे लोकं बसनार. म्हनून तारघरात पयत गेलो. बाबू म्हनते, "इतले कमी शब्द? अजून दोन चालतात." म्या म्हनलं, यानं समजलं नाई तं थो मिस्त्रीच नाई.

देवमन


अकोला,
ता. ९ ऑक्टोबर १९५६

भाऊजी, जयभीम.

तारवाला दारात उभा राहिला आणि केशरनं तार फोडायच्या आधीच रडायला सुरुवात केली. आपल्याकडे तार म्हणजे माणूस गेला. मी वाचलं: "सूर्यभानची गाडी थांबव. काड्या बदलल्या. इंजिन उपाशी. देवमन." केशर रडता रडता म्हणाली, "कोण उपाशी आहे?"

मला घासलेटचा तो डबा डोळ्यांपुढे दिसला. दोन्ही इंजिनांच्या काड्या मी त्यात एकत्र धुतल्या होत्या, आणि हाताला आली ती ज्या त्या गाडीत घातली होती. दोन गाड्या एका लिलावातल्या, पण इंजिनं वेगळी. मी काड्यांकडे पाहिलंच नाही.

सायकल घेतली आणि बोरगाव गाठलं. सूर्यभानची गाडी लिंबाखाली चालू उभी होती. सरकीची पोती भरून तो मूर्तिजापूरला निघाला होता. मी दुरूनच ओरडलो, सायकल टाकली आणि केबिनमध्ये हात घालून इंजिन बंद केलं. तो म्हणाला, "काहून बे मिस्त्री? चांगली चालू गाडी बंद केली!" मी म्हटलं, "खाली भांडं आण." त्यानं बादली आणली. मी चेंबरचा नट काढला. जे निघालं ते लोट्यात मावलं असतं.

त्यानं बादली उचलून आत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे दोन महिने मी उपाशी इंजिन गावभर मिरवलं?" मला वाटलं आता हा माझ्या अंगावर येतो. तो मटकन खाली बसला आणि हसत सुटला. हसता हसता त्यानं काडी फेकून दिली. ती मी तणातून शोधून काढली, तुमची आहे ती.

चेंबर खोललं तेव्हा मात्र हसू थांबलं. एका बेरिंगचा पांढरा धातू सोलवटला होता. रिकाम्या गाडीत ती बेरिंग आणखी थोडे दिवस टिकली असती. पण माणसं भरून नागपूरची वाट धरली असती तर घाटाच्या आधीच इंजिन जाम झालं असतं, आणि पन्नासेक लोक, त्यात केशर आणि मी, वाटेत बसलो असतो. आज नवी बेरिंग बसवली. उद्या चेंबर चढवतो.

भाऊजी, रिंगा सुलट्या आहेत, ती पैज मी जिंकली म्हणा. पण चूक माझी होती, आणि दोन महिने मी ती तुमच्या पायावर, तुमच्या आइलवर, तुमच्या नेमावर ढकलत होतो. जेव्हा भेटू तेव्हा तोंडावर बोलेन. पत्रात बोलणं सोपं असतं.

तुमची काडी अमरावतीच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. त्याच्याजवळच सूर्यभानची परत पाठवा. तुम्ही बारा तारखेला निघा. आमचं काम पुरं झालं की आम्ही तेराला निघू. नागपुरात भेटू.

शेषराव


अमरावती,
ता. १९ ऑक्टोबर १९५६

शेषराव, जयभीम. केशरले, सूर्यभानलेबी जयभीम.

"नागपुरात भेटू" म्हनला होता तू. भैताडा, तूबी तठी, मीबी तठी, पन नागपुरात कोन कोनाले भेटलं?

आमचं आयक. बाराले दिवस उगवला, म्या काडी पाह्यली, माही काडी. आइल खुणेवर. मंग चाय प्यालो. बाहेर येतो तं केबिनमध्ये पुंजाजी आधीच बसलेले! पांढरं धोतर, पांढरी टोपी. म्या म्हनलं, "बावाजी, तुमी तं पायी जानार होते." तं म्हनतात, "इंजिनावर नजर ठेवाले मानूस लागते." जाईनं नवं लुगडं नाई घेतलं, बजारातलं पांढरं कापड खपूनच गेलं होतं. जुनंच इतलं घासलं का नव्याहून पांढरं दिसलं.

तिवस्याच्या पुढं गेलो तं रस्त्यानं लोकंच लोकं. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं. एक म्हातारी दगडावर पाय चोळत बसली होती. पुंजाजी म्हनते, "थांबव." तिले घेतलं. फर्लांगभर गेलो तं पुन्हा "थांबव." तळेगावपर्यंत गाडीत पाय ठेवाले जागा राह्यली नाई, कमानी पार बसल्या. म्या म्हनलं, "बावाजी, आता पुरे, पुढं घाट हाये." पुंजाजीनं दार उघडलं. खाली उतरले आन् एका पोटुशा बाईले हात देऊन सोताच्या जागेवर बसवलं. म्या म्हनलं, "आन् तुमी?" तं म्हनतात, "मी आधीच म्हनलं होतं, पायी जातो." दोन दिवस आधी पायी निंघालेले चंद्रभान आन् पोरं तठीच भेटले, त्याईनं बावाजीले मधी घेतलं. घाटाच्या वर जाऊन आमी थांबलो, थे येईपर्यंत.

घाट पयल्या गेरमध्ये चढलो. इंजिन कण्हत होतं पन धपापत नव्हतं. म्या आरशात पाह्यलं. धूर नाई. मांगून बायाईच्या गान्याचा आवाज येत होता, आन् रस्ता पार खालपर्यंत दिसत होता, सगया पांढरा, मानसाईनं भरलेला. लढाईत म्या लय फौजा पाह्यल्या, हुकुमानं चालनाऱ्या. हे लोकं कोनाच्या हुकुमानं चालत नव्हते.

नागपूरले पोचलो. गाडी दूर ठेवाव लागली. उतरताना सगयाईच्या आंगावर धूय होती, काजळी कोनाच्याच नव्हती.

तेरा तारखेले दिवसभर मी तुले शोधत फिरलो. अकोल्याचा कोनी दिसला का इचारलं, "बोरगावची गाडी आली काय? शेषराव मिस्त्री पाह्यला काय?" एक म्हनला, आली. दुसरा म्हनला, वाटंत हाये. मले आपलं वाटे का बेरिंग बसली नसन, काम अर्धं राह्यलं असन, केशर रस्त्यावर बसली असन. जाई म्हनली, "माहा भाऊ हाये थो, त्याच्या कामावर भरोसा ठेवा." दोन महिन्यांत पयल्यांदा कोनी तुही बाजू घेतली आन् मले राग आला नाई.

दसऱ्याच्या दिवशी सकायी आमी मैदानात उभे होतो. पुढं मानसं, मांगं मानसं, डोया पोचन तठीपर्यंत मानसं. म्या जाईजवळून पोरगं घेतलं आन् खांद्याले लावलं. तवाबी मी टाचा उचलून पाहतच होतो, तू कुठी दिसतो काय म्हनून.

मंग सगये उठले आन् प्रतिज्ञा सुरू झाल्या. मंचावरून एक वाक्य सांगतलं जाये, आन् आमी थे म्हनत गेलो. पुंजाजीची जीभ जड हाये. थे मांगं पडत. सगयाईचं म्हनून झालं का त्याईचं एकट्याचं वाक्य आयकू ये, सावकाश, एक शब्द न सोडता. आजूबाजूचे लोकं त्याईच्यासाठी थांबत. कोनी हासलं नाई. म्या पाह्यलं तं पुंजाजी रडून राह्यले होते, पन वाक्य अर्धं सोडत नव्हते.

आन् शेषराव, तवा मले आयकू आलं. आमचं एक वाक्य संपे तवा मैदानाच्या त्या टोकावरून थेच वाक्य जरा उशिरा ये, मोठ्या लाटेवानी. त्यात अकोला होतं, बोरगाव होतं, सूर्यभान होता, केशर होती, तू होता. कोनता आवाज तुहा आन् कोनता माहा, थे कोन निवडून काढन? म्या टाचा खाली टेकल्या. तुले शोधनं सोडलं आन् पुढचं वाक्य म्हनाले लागलो.

तुहा भाटवा,
देवमन